ब्राउझर पूर्ण काढून पुन्हा टाकायचाय? आधी पाहा, बिघाड कुठं आहे अन् पासवर्ड कुठं आहेत

नागपूर : जून-जुलै आला की काटोल-नरखेडपासून कुही-भिवापूरपर्यंत सेवा केंद्रांसमोर गर्दी वाढते. कुणाला उत्पन्नाचा दाखला पाहिजे, कुणाला नॉन-क्रिमिलेयर, कुणाला सातबारा, तर कुणाचा पीक विम्याचा अर्ज भरायचा राहिला असतो. नेमकं त्याच वेळी कॉम्प्युटरवर गोल चकरी फिरत राहते आणि ‘साइट काहून उघडून नाही राहिली?’ हा प्रश्न सुरू होतो. मग कुणीतरी सल्ला देतो, ‘क्रोम काढून टाक अन् नवीन टाक, होऊन जाते.’

कधी खरंच होऊन जाते. पण बऱ्याचदा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर नवीन टाकलेल्या ब्राउझरमध्ये जुनाच त्रास तसाच्या तसा दिसतो. नाहीतर त्रास जातो, पण त्यासोबत चार वर्षांचे साठवलेले पासवर्डही जातात आणि ‘पासवर्ड विसरलात का?’ वर दाबून ओटीपीची वाट पाहण्यात दिवस निघतो. हा ओटीपी ज्या नंबरवर जातो ते सिमही कधी बंद पडलेलं असतं. या दोन्हीचं कारण एकच आहे आणि ते समजलं की बाकीचं काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे.

प्रोग्राम वेगळा, प्रोफाइल वेगळं

कॉम्प्युटरवर ब्राउझर दोन जागी राहतो. एक म्हणजे प्रोग्राम, म्हणजे गूगल किंवा मोझिलाकडून आलेलं सॉफ्टवेअर. ते सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर सारखंच असतं. दुसरं म्हणजे प्रोफाइल. हा तुमच्या नावाचा फोल्डर असतो आणि त्यात साठवलेले पासवर्ड, बुकमार्क, हिस्टरी, कुकीज, एक्स्टेन्शन आणि कोणत्या साइटला कशाची परवानगी दिली ते सगळं असतं. दुकानाची पाटी बदलली तरी आतला माल आणि उधारीची वही तिथंच राहते, तसं ब्राउझर ‘अनइन्स्टॉल’ केला की साधारणपणे फक्त प्रोग्राम जातो. प्रोफाइल जागेवरच राहतं. नवीन ब्राउझर टाकला की तो तोच फोल्डर उचलतो आणि पुन्हा कामाला लागतो.

प्रोग्राम स्वतः बिघडलेला असणं तसं कमी. अपडेट अर्धवट झालं, मध्येच लाइट गेली, अँटिव्हायरसने एखादी फाइल उडवली, अशा वेळी ते होतं. उरलेले बहुतेक त्रास प्रोफाइलमध्ये असतात. नको त्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते, कुठलं तरी ‘पीडीएफ कन्व्हर्टर’ एक्स्टेन्शन बसलेलं असतं, नाहीतर जुन्या कुकीज अडकलेल्या असतात. म्हणजे जिथं त्रास आहे तिथंच तुमचे पासवर्डही आहेत. म्हणून काढण्याआधी ठरवावं लागतं की नेमकं काय घालवायचं आणि काय वाचवायचं.

काढायची खरंच गरज आहे का?

सगळ्यात आधी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. हसण्यासारखी गोष्ट नाही. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की लाइट गेल्यावर घड्याळ अनेक वर्षं मागं जातं. सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांमध्येच चालतं. कॉम्प्युटरला आज भलतंच वर्ष आहे असं वाटत असेल तर तो प्रत्येक बँकेची आणि सरकारी साइट ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ म्हणून अडवतो. इथं ब्राउझर दहा वेळा बदलला तरी फरक पडणार नाही. तारीख दुरुस्त करा आणि सेल बदलून घ्या. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

दुसरी तपासणी मोबाइलवर करा. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडा. तिथंही उघडत नसेल तर बहुधा साइटच बसलेली आहे. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी हे हमखास होतं. थांबण्याशिवाय इलाज नाही, ब्राउझरला हात लावू नका.

मोबाइलवर उघडते आणि कॉम्प्युटरवर नाही, तर क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणं एकत्र दाबा. इन्कॉग्निटोची काळी खिडकी उघडेल. तिच्यात साइट नीट चालली तर प्रोग्राम चांगला आहे आणि दोष कुकीज किंवा एक्स्टेन्शनचा आहे, हे जवळपास नक्की समजा. त्या खिडकीत जुन्या कुकीज नसतात आणि एक्स्टेन्शनही आपण परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. मग फक्त त्या साइटचा साठवलेला डेटा पुसला तरी काम होतं.

आणखी एक, पावती किंवा प्रिंट दिसत नाही ही तक्रार. अनेक साइटवर पावती वेगळ्या खिडकीत उघडते आणि ब्राउझर ती पॉप-अप समजून अडवतो. पत्त्याच्या पट्टीत उजव्या बाजूला छोटं चिन्ह येतं, तिथून परवानगी दिली की पावती येते.

कोपऱ्यात सारख्या जाहिराती आणि ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असे इशारे येत असतील तर तो बहुतेक वेळा व्हायरस नसतो. कधीतरी कुठल्या तरी सिनेमाच्या नाहीतर निकालाच्या साइटवर ‘अलाऊ’ दाबलं गेलेलं असतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडा आणि अनोळखी नावं काढा.

हे सगळं करूनही जमलं नाही तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘रिसेट सेटिंग्ज’ आहे. त्याने एक्स्टेन्शन बंद होतात, कुकीज जातात, पहिलं पान आणि सर्च इंजिन मूळ जागी येतात. बुकमार्क, हिस्टरी आणि पासवर्ड मात्र राहतात. फायरफॉक्समध्ये हेच काम हेल्प मेनूतल्या ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ पानावरचं ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ बटण करतं आणि जुना डेटा डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवूनही देतं. दहापैकी बहुतेकांचं काम इथंच संपायला पाहिजे.

काढण्याआधी तीन कामं

पहिलं काम पासवर्डचं. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये सेटिंग्ज उघडा, तिथं ‘एक्स्पोर्ट पासवर्ड्स’ आहे. त्यातून एक फाइल तयार होते. ही फाइल साध्या अक्षरांत असते, कुलूप वगैरे काही नाही. जो उघडेल त्याला सगळे पासवर्ड दिसतात. ती पेन ड्राइव्हवर घ्या, काम झालं की पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवायची सवय इथं नको.

दुसरं बुकमार्कचं. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबलं की बुकमार्क मॅनेजर उघडतो. तीन ठिपक्यांतून ते एक्स्पोर्ट करता येतात.

तिसरं काम सिंक पाहण्याचं, आणि मोबाइलवाल्यांनी हे लक्ष देऊन वाचावं. कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये तुमचं जीमेल खातं लावून सिंक चालू असेल तर मोबाइलमधला क्रोम आणि हा क्रोम एकाच वहीत लिहितात. फायदा असा की पासवर्ड खात्यात सुरक्षित असतात, नवीन ब्राउझरमध्ये लॉगिन केलं की परत येतात. तोटेही दोन आहेत. सिंक चालू असताना ‘डिलीट ब्राउझिंग डेटा’मधून पासवर्ड आणि हिस्टरी पुसली तर ती मोबाइलमधूनही जाते. म्हणून फक्त कॉम्प्युटर साफ करायचा असेल तर आधी त्यातून साइन आउट व्हा, मग पुसा. दुसरं म्हणजे त्रासदायक एक्स्टेन्शनही खात्यासोबत सिंक होतं. ब्राउझर मुळासकट काढला, नवीन टाकला, लॉगिन केलं की पाच मिनिटांत तेच एक्स्टेन्शन हजर. अशा वेळी एक्स्टेन्शन आधी काढायचं, नंतर ब्राउझर.

केंद्रावर एकाच कॉम्प्युटरवर दोघं-तिघं काम करत असतील आणि प्रत्येकाचं क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल असेल तर विचारून घ्या. डेटासकट क्रोम काढला की त्या विंडोज खात्यातली सगळ्यांची प्रोफाइल एकत्र जातात. एकाचंच बिघडलं असेल तर तेवढं एक प्रोफाइल काढून नवीन करता येतं.

क्रोम मुळासकट काढणं

नवीन इन्स्टॉलर आधी उतरवून ठेवा. जुना ब्राउझर काढल्यावर नवीन कशाने उतरवायचा हा प्रश्न विंडोज १० आणि ११ मध्ये एज असल्यामुळे सुटतो, पण जुन्या विंडोजवर अडचण होते.

क्रोमच्या सगळ्या खिडक्या बंद करा. तरीही तो मागं चालू असू शकतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. यादीत क्रोम दिसला तर त्यावर ‘एंड टास्क’ करा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, तिथं इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सची यादी (विंडोज १० मध्ये तिला अ‍ॅप्स अँड फीचर्स म्हणतात), यादीत गूगल क्रोम, आणि अनइन्स्टॉल. एक छोटी खिडकी येते. तिच्यात ब्राउझिंग डेटाही काढायचा का असं विचारणारा चौकोन असतो. घाईत सगळे तो सोडून पुढं जातात. त्यात टिक केली तर प्रोफाइलही जातं, नाही केली तर फक्त प्रोग्राम जातो. कोणतं करायचं ते वर ठरवलेलंच आहे.

टिक करायची राहिली असेल तर फोल्डर हाताने काढता येतो. सी ड्राइव्ह, त्यात युजर्स, त्यात तुमच्या विंडोज खात्याचं नाव, त्यात अ‍ॅप डेटा. हा फोल्डर लपवलेला असतो. वरच्या व्ह्यू मेनूत ‘हिडन आयटम्स’ला टिक केली की दिसतो. पुढं लोकल, गूगल, क्रोम आणि शेवटी ‘युजर डेटा’. हाच तो. सरळ पुसण्याऐवजी त्याचं नाव बदलून ‘युजर डेटा जुना’ करा. नवीन क्रोम तो ओळखणार नाही आणि स्वतःचा नवा फोल्डर बनवेल. आठ दिवस सगळं ठीक चाललं की जुना पुसा. काही राहून गेलं असेल तर नाव परत बदलून मागं येता येतं. हा मार्ग टिक करण्यापेक्षा बराच बरा.

क्रोम काढून टाकल्यावरही ‘हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून चालवला जातो’ असं दिसत असेल आणि तुमची कुठलीही संस्था नसेल, तर कुठल्या तरी प्रोग्रामने विंडोजच्या रजिस्ट्रीत नियम लिहून ठेवला असू शकतो. काही अँटिव्हायरसही असे नियम लिहितात, म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. पण अ‍ॅप्सच्या यादीत अनोळखी नावं आहेत का ते पाहा, ती आधी काढा आणि अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा.

फायरफॉक्स आणि एज

फायरफॉक्सचा प्रोग्राम तसाच अ‍ॅप्सच्या यादीतून निघतो. त्याचं प्रोफाइल मात्र अ‍ॅप डेटामध्ये ‘लोकल’मध्ये नसून ‘रोमिंग’मध्ये, मोझिला नावाच्या फोल्डरात असतं आणि अनइन्स्टॉल केल्यावर मागंच राहतं.

एज साधारणपणे निघत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या विंडोजमध्ये त्याला अनइन्स्टॉलचं बटण चालू नसतं. युरोपातल्या कायद्यामुळे तिथल्या लोकांना ती सोय मिळाली आहे. आपल्याकडे यादीत एजसमोर ‘मॉडिफाय’ दाबून ‘रिपेअर’ करायचं. प्रोग्राम नवीन बसतो, डेटा राहतो. एज जबरदस्तीने काढणारी सॉफ्टवेअर नेटवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नका.

जुन्या साइटसाठी इंटरनेट एक्सप्लोरर शोधणाऱ्यांनी तो शोध सोडावा. मायक्रोसॉफ्टने तो १५ जून २०२२ ला निवृत्त केला आणि १४ फेब्रुवारी २०२३ च्या एज अपडेटने विंडोज १० वर तो बंदच केला. एखादी साइट अजूनही तोच मागत असेल तर एजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’ या भागात ‘इंटरनेट एक्सप्लोरर मोड’ला परवानगी देता येते. तिथं घातलेला साइटचा पत्ता ३० दिवसच चालतो, नंतर पुन्हा घालावा लागतो. महिन्याभराने साइट अचानक बंद पडली असं वाटतं ते यामुळे.

विंडोज ७ असेल तर क्रोम काढूच नका

अनेक ठिकाणी अजून विंडोज ७ चे कॉम्प्युटर चालू आहेत. क्रोमची १०९ ही विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीपासून विंडोज १० किंवा पुढचं लागतं. म्हणजे विंडोज ७ वरचा चालू क्रोम एकदा काढला की गूगलच्या साइटवरचा नवा क्रोम तिथं बसत नाही. मग लोक कुठल्या तरी भलत्याच साइटवरून जुना क्रोम उतरवतात, आणि खरा धोका तिथं सुरू होतो. अशा कॉम्प्युटरवर फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती टाकावी. मोझिलाने ती जुन्या विंडोजसाठी वेळोवेळी मुदत वाढवून चालू ठेवली. तरी ज्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम होतं तिथं विंडोज ७ ठेवणं शहाणपणाचं नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार १४ जानेवारी २०२० लाच काढून घेतला. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, पण त्यावर ब्राउझर अजून नीट बसतात.

दुकानात ‘फॉरमॅट’ला देण्याआधी

सीताबर्डीला कॉम्प्युटर नेऊन विंडोज नवीन टाकून घेणारे पुष्कळ आहेत. ‘क्रोमचा फोल्डर कॉपी करून ठेवला, आता काही काळजी नाही’ असं काहींना वाटतं. बुकमार्क त्यातून परत मिळतात, पासवर्ड मिळत नाहीत. क्रोमचे पासवर्ड त्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद केलेले असतात. विंडोज नवीन झालं की किल्ली बदलते आणि फोल्डर असूनही आतलं उघडत नाही. फायरफॉक्सचं तसं नाही. त्याची किल्ली प्रोफाइलमध्येच असते, म्हणून पूर्ण फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला तरी पासवर्ड चालतात. याचा दुसरा अर्थ असा की तो फोल्डर ज्याच्या हाती लागेल त्याच्याकडेही चालतात. फायरफॉक्समध्ये प्रायमरी पासवर्ड लावून ठेवलेला असेल तरच ते बंद राहतात.

सही आणि अंगठा

सेवा केंद्रचालकांना भीती असते डिजिटल सहीची. सही यूएसबी टोकनमध्ये असेल तर ब्राउझर काढल्याने तिला काहीही होत नाही. टोकनचा ड्रायव्हर आणि सही करणारं सॉफ्टवेअरही ब्राउझरपासून वेगळं असतं. विंडोजमध्ये टाकलेलं प्रमाणपत्र क्रोम आणि एज तिथूनच वाचतात, त्यामुळे तेही सुरक्षित. फायरफॉक्स मात्र प्रमाणपत्र स्वतःच्या प्रोफाइलमध्ये ठेवतो. तिथं हाताने टाकलेलं प्रमाणपत्र असेल आणि प्रोफाइल पुसलं, तर ते गेलं. मूळ फाइल हाताशी नसेल तर आधी त्याचा बॅकअप घ्या.

अंगठ्याचं यंत्र ब्राउझर बदलल्यावर ‘डिव्हाइस सापडलं नाही’ म्हणतं, तेव्हा लगेच यंत्र खराब झालं असं समजू नका. यंत्राची आरडी सर्व्हिस कॉम्प्युटरवर वेगळी चालू असते आणि साइट ब्राउझरमार्फत तिच्याशी बोलते. नव्या क्रोममध्ये साइटला अशी परवानगी मागावी लागते. नवीन ब्राउझरमध्ये हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून येतो आणि घाईत ‘ब्लॉक’ दाबलं की अंगठा लागत नाही. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर दाबून त्या साइटच्या परवानग्या तपासा.

मराठी अक्षरं चौकोन दिसत असतील तर तोही ब्राउझरचा दोष क्वचितच असतो. युनिकोडचे फॉन्ट विंडोजचे असतात. आणि कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर ऑनलाइन अर्जात चिकटवला तर कोणत्याही ब्राउझरमध्ये तो इंग्रजी कचराच दिसणार.

नवीन कुठून घ्यायचा

गूगलवर ‘क्रोम डाउनलोड’ शोधल्यावर सगळ्यात वर येणारी साइट खरीच असते असं नाही. वर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेल्या जाहिराती असू शकतात. क्रोम फक्त गूगलच्या आणि फायरफॉक्स फक्त मोझिलाच्या साइटवरून घ्या. उतरवलेल्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, ‘डिजिटल सिग्नेचर्स’मध्ये गूगल एलएलसी किंवा मोझिला कॉर्पोरेशन हे नाव दिसलं पाहिजे. तो टॅबच नसेल तर फाइल पुसा. एखादी साइट उघडल्यावर ‘तुमचा ब्राउझर जुना झाला, अपडेट करा’ असं मोठं पान आलं तर तिथून काहीही उतरवू नका. ब्राउझरचं अपडेट त्याच्याच मेनूत, हेल्पमधल्या ‘अबाउट’ पानावर होतं.

गावात नेट कमी असेल तर क्रोमचा नेहमीचा छोटा इन्स्टॉलर त्रास देतो, कारण तो उरलेलं सगळं बसवताना नेटवरून ओढतो. गूगलचा ऑफलाइन इन्स्टॉलर मोठा असतो, पण एकदा पेन ड्राइव्हवर घेतला की नेटशिवाय बसतो. मोबाइलचं यूएसबी टेदरिंग लावूनही काम होतं. बसल्यावर लॉगिन करा, पासवर्डची फाइल इम्पोर्ट करा, मराठी टाइपिंगचं एक्स्टेन्शन वापरत असाल तर ते पुन्हा टाका. बाकीची एक्स्टेन्शन एकदम टाकू नका. एकेक टाका, म्हणजे त्रास परत आला तर कुणामुळे ते कळेल.

कॉम्प्युटर विकत किंवा देऊन टाकत असाल तर एक जागा कायम राहून जाते, ती म्हणजे ‘डाउनलोड्स’ फोल्डर. ब्राउझर कितीही मुळासकट काढला तरी त्याने उतरवलेल्या फाइल तिथंच राहतात. केंद्राच्या कॉम्प्युटरवर तिथं गावातल्या शेकडो लोकांचे आधार, पासबुकचे फोटो, सातबारे आणि दाखले साठलेले असतात. तो फोल्डर रिकामा करा, डेस्कटॉप पाहा, स्कॅनरचा फोल्डर पाहा, मग रिसायकल बिन रिकामा करा. विकायचाच असेल तर विंडोजच्या ‘रिसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय चालू करावा. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा. कॉम्प्युटर आधीच हातातून गेला असेल तर मोबाइलवर गूगल खातं उघडा, ‘सिक्युरिटी’मध्ये ‘युअर डिव्हायसेस’ पाहा आणि जुन्या कॉम्प्युटरवरून साइन आउट करा. त्यानंतर बँकेपासून सुरू करून त्या कॉम्प्युटरवर साठवलेले पासवर्ड एकेक करून बदला.